जंगलातले औषध आणि दवाखान्यातले औषध

(मित्रमंडळाच्या वार्षिक सभेत एका परिचारिका भगिनीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दवाखान्याचा वर्षभराचा अहवाल आपल्या हातात आहेच. किती रुग्ण तपासले, किती बाळंतपणे झाली, औषधांवर किती खर्च झाला, हे सर्व त्यात छापले आहे. ते मी पुन्हा वाचून दाखवणार नाही. आज मी एका रुग्णाविषयी बोलणार आहे, आणि त्याच्यामुळे मला जो प्रश्न नीट शिकावा लागला त्याविषयी. हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांनी मला विचारला आहे. कोणाची आई केमो घेत असते, कोणाचा भाऊ. मग हळूच बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, केमोबरोबर हळद दिली तर चालेल का? गुळवेलीचा काढा देऊ का? झाडपाल्याने अपाय तर होत नाही ना?"

सातपुड्याच्या पायथ्याशी मी सत्तावीस वर्षे परिचारिका म्हणून सेवा केली. ज्यांच्याविषयी सांगते ते पावरा समाजातले, पन्नाशी ओलांडलेले शेतकरी. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणत असे. शौचावाटे रक्त जाते म्हणून ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. मी विचारपूस केली, मूळव्याध समजून मलम दिले, अंगात रक्त कमी दिसले म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तिखट खाऊ नका म्हणून सांगितले. पुढच्या वर्षभरात ते असे तीनदा आले. तिन्ही वेळा मी तेच केले. डॉक्टरांचा फिरता दवाखाना महिन्यातून दोनदा असे, पण त्या दिवशी आप्पांना थांबवून घ्यावे हे मला सुचले नाही. चौथ्या वेळी त्यांच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून दुसऱ्याने धरून आणले. माणूस निम्मा झाला होता.

सुरतेला तपासणी झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता.

हे मी तुमच्यापुढे आधी सांगते, कारण पुढे मी झाडपाल्याच्या औषधांविषयी बोलणार आहे आणि ऐकणाऱ्याला वाटेल की चूक फक्त आदिवासी माणसाच्या अज्ञानाची होती. तसे नव्हते. पहिली चूक माझी होती. वर्षभर रक्त जात असलेल्या पन्नाशीच्या माणसाला मूळव्याध असली, तरी आत दुसरे काही नाही असे त्यावरून ठरत नाही. हा रोग आतड्यापुरता असतानाच सापडला तर पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार दहातले नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. यकृतापर्यंत गेल्यावर तसे राहत नाही. ती गोष्ट मी देवापुढे आणि आप्पांपुढेही कबूल केली आहे.

शस्त्रक्रिया झाली आणि केमो सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी सुरतेला जायचे. पहाटे जीपने रस्त्यापर्यंत, मग बस, मग गाडी. तुमच्या देणगीतून प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च भागत होता. आधी दिलेल्या औषधांनी काही महिने रोग थोपला, मग पुन्हा वाढला. तेव्हा डॉक्टरांनी औषध बदलले. या नव्या औषधाचे नाव इरिनोटेकॅन. ते लक्षात ठेवा, त्याची एक गोष्ट मला सांगायची आहे.

त्याआधी दुसऱ्या चुकीची गोष्ट. एकदा आप्पांच्या घरी भेट द्यायला गेले तेव्हा चुलीजवळ एक मडके दिसले. त्यात मुळ्यांचा काढा होता. गावातल्या बडव्याने, म्हणजे तुम्ही ज्याला भगत म्हणता त्याने, दिलेला. मी रागावले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, एवढे पैसे खर्च करून औषध चालू आहे आणि तुम्ही हे पिता? पुन्हा असले काही घेतलेत तर आम्ही मदत करणार नाही." आप्पा काही बोलले नाहीत. त्यांची पत्नी मडके उचलून आत घेऊन गेली. मला वाटले, माझे काम झाले.

काम काही झाले नव्हते. काढा चालूच राहिला, फक्त मला सांगणे बंद झाले.

इरिनोटेकॅनच्या दुसऱ्या फेरीनंतर आठवड्याने आप्पांना जुलाब सुरू झाले. या औषधाने असे जुलाब होऊ शकतात, हे सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि लोपेरामाइडच्या गोळ्याही दिल्या होत्या. पहिला पातळ जुलाब होताच त्या सुरू करायच्या होत्या. पण आप्पांनी त्या घेतल्या नाहीत. काढ्यामुळे पोटातली घाण बाहेर पडते आहे, ती अडवू नये, असे त्यांना वाटले. अशक्तपणा आला म्हणून कच्च्या पाल्याचा रस काढून दिला गेला. मला निरोप पाठवायचा कोणाला धीर झाला नाही, कारण मी पुन्हा रागावले असते. तिसऱ्या दिवशी अंगात ताप, डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागत नव्हती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. सलाईन आणि प्रतिजैविके देत सुरतेला पोहोचवले. अकरा दिवस ते तिथे होते. मंडळीने त्या दिवसांत रात्रंदिवस प्रार्थना केली. देवाच्या दयेने आप्पा वाचले, पण केमोची पुढची फेरी तीन आठवडे पुढे गेली.

हे काढ्याने झाले, औषधाने झाले, की दोन्ही मिळून झाले? डॉक्टरांनी विचारले, काढ्यात काय होते? कोणालाच सांगता आले नाही. मडके धुऊन ठेवलेले होते.

आप्पा शुद्धीवर आल्यावर मी त्यांच्या खाटेजवळ बसले. म्हटले, "आप्पा, मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही रागावाल म्हणून."

त्या उत्तराने मला अभ्यासाला बसवले. आमच्या डॉक्टरांकडे गेले, म्हटले, मला हे सगळे समजावून द्या. त्यांनी सांगितलेल्या पहिल्याच गोष्टीने मला थक्क केले. इरिनोटेकॅन हे औषध मुळात एका झाडातून आले आहे. आणि ते झाडातून वेगळे काढणाऱ्या दोघांपैकी एक माणूस आपल्या नंदुरबारचा.

त्यांचे नाव डॉ. मनसुख वाणी. जन्म 1925 सालचा, नंदुरबार येथे. मुंबई विद्यापीठात शिकून पुढे ते अमेरिकेला गेले. तिथे नॉर्थ कॅरोलायनातील एका संशोधन संस्थेत डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी कॅम्प्टोथेका नावाच्या चिनी झाडातून एक द्रव्य वेगळे काढले आणि 1966 साली त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन. पुढे 1971 साली याच दोघांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल मिळवले, जे आज स्तनाच्या कर्करोगात देतात. डॉ. वाणी 2020 साली वारले.

आपल्या सह्याद्रीतही एक झाड आहे, नरक्या. पाने चुरगळली की वाईट वास येतो, म्हणून हे नाव. त्यातही हेच कॅम्प्टोथेसिन असल्याचे मुंबईतल्या संशोधकांनी 1972 साली दाखवले. पुढे त्याच्या लाकडाला परदेशी मागणी आली आणि घाटमाथ्यावर त्याची इतकी तोड झाली की आज ते झाड संकटात आहे.

आता ऐका, झाडातून निघालेल्या या द्रव्याचे पुढे काय झाले. ते रुग्णांना देऊन पाहिले. 1970 च्या सुमारास केलेल्या त्या चाचण्यांत मूत्राशयातून रक्त जाणे, भयंकर जुलाब, रक्तपेशी घटणे असे त्रास झाले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. औषध झाडाचे होते, शुद्ध होते, तरी माणसाला सोसवेना. ते पेशीत नेमके काय करते हे 1985 साली कळले. आपल्या पेशीतला डीएनए दोरखंडासारखा पिळलेला असतो. पेशी वाढताना तो पीळ सैल करावा लागतो. त्यासाठी एक विकर दोराचा एक पदर कापते, पीळ सोडते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन तिथे अडकून बसते आणि जोडणी होऊ देत नाही. भराभर वाढणारी पेशी त्यामुळे मरते. रसायनशास्त्रज्ञांनी त्या द्रव्यात बदल करून ते पाण्यात विरघळेल आणि सोसवेल असे केले. तेच इरिनोटेकॅन. 1996 साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली. म्हणजे झाडापासून बाटलीपर्यंत तीस वर्षे गेली. ती तीस वर्षे मात्रा ठरवण्यात, अपाय मोजण्यात आणि चुका दुरुस्त करण्यात गेली.

हे मी आप्पांना सांगितले. म्हटले, आप्पा, तुमच्या हातात जे सलाईन चढते ना, ते झाडाचेच आहे, आणि ते शोधणारा माणूस आपल्या नंदुरबारचा. आप्पा कितीतरी महिन्यांनी हसले. म्हणाले, "मग हे जंगलाचंच औषध की, बाई! आधी का नाही सांगितलं?" आणि मग त्यांनी स्वतःहून बडव्याने काय काय दिले होते ते सांगायला सुरुवात केली. काही पाने मला ओळखता आली, काही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. केमोबरोबर झाडपाल्याचे औषध चालते का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणते झाड, किती, कोणत्या औषधाबरोबर, हे पाहावे लागते.

हळद घ्या. हळदीतल्या कर्क्युमिनचा अभ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगात खरोखर झाला आहे. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे 28 रुग्णांवर केलेली चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली. काहींना नुसती केमो, काहींना केमोबरोबर रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन. ते सोसवले, आणि कर्क्युमिन घेणारे सरासरीने अधिक जगले. ऐकून आनंद होतो. पण 28 माणसे म्हणजे एका वऱ्हाडाच्या जीपा भरतील एवढीच. ही चाचणी मुख्यतः औषध सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी होती. तिच्यावरून हळदीने कर्करोग बरा होतो असे कोणी म्हणू नये. शिवाय हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते. म्हणजे ते 2 ग्रॅम मिळवायला रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. भाजीतली हळद जरूर खा. ती अन्न आहे. दुकानातल्या कॅप्सूल मात्र औषध आहेत, आणि जास्त मात्रेच्या अशा कॅप्सूलनी काही लोकांच्या यकृताला अपाय झालेला आहे.

कर्क्युमिन अंगी लागावे म्हणून त्यात मिरीतले पायपेरिन घालतात. बंगळूरुच्या संशोधकांनी 1998 साली दाखवले की पायपेरिनबरोबर दिल्यास रक्तातले कर्क्युमिन वीसपट वाढते. हे कसे होते? यकृत आणि आतडे परके पदार्थ बाहेर टाकण्याचे जे काम करतात, ते पायपेरिन मंदावते. आता विचार करा. इरिनोटेकॅनही यकृतच निकामी करून बाहेर टाकते. ते काम मंदावले, तर कर्क्युमिनबरोबर केमोचे औषधही अंगात जास्त साठण्याची भीती असते.

याच्या उलटही होते. युरोपात मन उदास असले की सेंट जॉन्स वर्ट नावाच्या पिवळ्या फुलाची गोळी घेतात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ती गोळी इरिनोटेकॅनबरोबर दिली, तर औषधाचा खरा काम करणारा भाग रक्तात 42 टक्क्यांनी घटला. रुग्णाला वाटते मी केमो घेतो आहे, पण जवळजवळ निम्मी वायाच जाते. आणि बाहेरून काही कळतही नाही.

मग चांगले काहीच नाही का? आहे. आले घ्या. अमेरिकेत 576 रुग्णांच्या चाचणीत, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठीने केमोनंतरची मळमळ कमी झाली. तीही उलटीच्या नेहमीच्या गोळ्या बंद न करता, त्यांच्या जोडीने. दारुहळदीत सापडणारे बर्बेरिन चीनमध्ये आतड्यातले मोड काढून टाकलेल्या लोकांना दोन वर्षे दिले. मोड पुन्हा येण्याचे प्रमाण 47 वरून 36 टक्क्यांवर आले. हा अभ्यास 2020 सालचा. मात्र हे लोक कर्करोगाचे रुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेतील येल विद्यापीठात चार वनस्पतींच्या एका प्राचीन चिनी काढ्यावर काम झाले आहे. इरिनोटेकॅनने आतड्याला होणारी इजा त्याने कमी होते असे 2010 साली उंदरांत दिसले. म्हणजे आप्पांना जो त्रास झाला, त्यावरच एक काढा शोधला जात आहे. पण तो मोजून, तपासून, प्रत्येक खेप सारखी आहे ना हे पाहून. मडक्यात ते पाहता येत नाही.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात हिज्कीया राजाच्या आजाराची गोष्ट आपण वाचली आहे. राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही संदेष्ट्याने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. प्रार्थना आणि झाडाचे औषध यांत तिथे भांडण नाही. झाडे देवानेच निर्माण केली आहेत. पण झाडे ओळखण्याची, मोजण्याची आणि तपासण्याची बुद्धीही त्यानेच दिली आहे. एक देणगी घेऊन दुसरी नाकारणे बरे नाही.

आप्पांच्या त्या दुखण्यानंतर आमच्या दवाखान्यात आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या घरातही कोणी केमो घेत असेल तर त्या उपयोगी पडतील.

पहिली, विचारायचे, पण रागवायचे नाही. "अजून काय काय घेता?" असा साधा प्रश्न. जे सांगतील ते वहीत लिहायचे, आणि पाला, मुळी, पुडी, बाटली जे असेल ते पिशवीत घालून केमोच्या डॉक्टरांकडे न्यायचे.

दुसरी, केमो चालू असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणताही काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल नाही. जेवणातली हळद, आले, लसूण नेहमीसारखे चालू द्यावे.

तिसरी, कच्च्या पाल्याचे रस नाहीत. पांढऱ्या पेशी कमी असताना न शिजवलेल्या रसातले जंतूही जिवावर बेततात.

चौथी, 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला किंवा जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, कळवायचे. सकाळची वाट पाहायची नाही.

आणि पाचवी, जी माझ्यासाठी आहे. शौचावाटे रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेले वजन, मोठ्या वयात कमी झालेले रक्त, यांतले काही असेल तर मलम देऊन घरी पाठवायचे नाही. डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचे.

बडव्याकडेही मी गेले. आधी ते मला पाहून उठून गेले, आणि त्यांचा दोष नव्हता. तिसऱ्या खेपेला बोलले. आता केमोचा रुग्ण त्यांच्याकडे आला की ते आधी विचारतात, बाईंना सांगितले का? आमच्या श्रद्धा वेगळ्या आहेत, आणि त्या त्यांना ठाऊक आहेत. पण रुग्ण दोघांचा आहे, एवढे आम्हाला मान्य झाले आहे.

आप्पांचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. त्यांची केमो पुन्हा सुरू झाली, मात्रा थोडी कमी करून. या वेळी जुलाब झाले तेव्हा पहिल्या तासात गोळी घेतली आणि मुलाने मला फोन केला. ते आणखी दोन पावसाळे जगले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः बांधावर उभे राहून ज्वारीची पेरणी करून घेतली आणि नातीचे लग्न पाहिले. मग थंडीत, आपल्या घरी, आपल्या माणसांत ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज जात असे. दुखण्याचे औषध देत असे, आणि त्यांनी सांगितले तर प्रार्थना करत असे. एके दिवशी त्यांनी मला विचारले, "बाई, तो नंदुरबारचा माणूस, तो परत आला होता का कधी?" मी म्हटले, "मला ठाऊक नाही, आप्पा." ते म्हणाले, "त्याचं औषध आलं ना. तेवढं पुरे."

बंधुभगिनींनो, तुमच्या देणगीतून आप्पांचे सुरतेला जाणे-येणे झाले. त्या प्रवासांतूनच त्यांना ते दोन पावसाळे मिळाले, म्हणून मी तुमचे आभार मानते. आज सातपुड्यातल्या आमच्या गावांतून आणखी रुग्ण असाच प्रवास करत आहेत. त्यांची नावे मी इथे सांगणार नाही, पण तुमच्या रोजच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी जागा ठेवा. आणि माझ्यासाठीही प्रार्थना करा, की कोणाच्या चुलीजवळ पुन्हा मडके दिसले तर मी आधी खाली बसेन, विचारेन, आणि ऐकून घेईन.

देव आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.